जुनाट विषाणूसमोर टी पेशी वर्षानुवर्षं टिकतात कशा?

खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : "माझ्या धाकट्या भावाला हिपॅटायटिस बी आहे. नऊ वर्षांपूर्वी रक्तदान शिबिरात कळलं. तब्येत ठणठणीत आहे, लिव्हरची एसजीपीटी तपासणी नॉर्मल येते. अशा जुनाट संसर्गात टी पेशी दमतात असं माझ्या वाचनात आलं. दमल्या असतील तर इतकी वर्षं त्या जिवंत कशा राहिल्या? आणि त्यांना ताकद देणारं एखादं औषध, काढा, इंजेक्शन द्यावं का? इथे प्रत्येक जण वेगळं सांगतो."

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातले हिपॅटायटिस आणि एचआयव्हीचे रुग्ण मी बरीच वर्षं पाहतो आहे. तुमचा दुसरा प्रश्न तर रोज ऐकतो. पहिला क्वचितच कोणी विचारतं. पण पहिल्याचं उत्तर नीट समजलं की दुसऱ्याचं आपोआप मिळतं, म्हणून आधी तो घेतो.

टी पेशी म्हणजे विषाणूला ओळखून त्याच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. जुनाट संसर्गातल्या टी पेशींचा जोर शरीराने स्वतःच कमी केलेला असतो. तो कमी केल्यामुळेच त्या टिकतात. शिवाय त्यांच्या मागे एक लहानसा राखीव गट असतो. तो स्वतः फारसं लढत नाही, पण लढणाऱ्या पेशी सतत पुरवत राहतो. या गटाला जिवंत ठेवणारे सिग्नल कोणते आणि त्याला संपवणारे कोणते, यावर गेल्या वीस-तीस वर्षांत भरपूर काम झालं आहे.

आधी साध्या, संपणाऱ्या संसर्गाचं बघू. टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपोचं मैदान तुम्हाला माहीत असेल. तिथे एके काळी देवीची लस तयार होत असे. आपल्याकडच्या साठीपुढच्या बहुतेक माणसांच्या दंडावर त्या लसीचा वण अजून आहे. ही लस म्हणजे जिवंत विषाणूचा छोटासा संसर्गच. काही आठवड्यांत तो पूर्ण संपतो. तेवढ्या काळात त्या विषाणूला ओळखणाऱ्या मोजक्या टी पेशी हजारो पटींनी वाढतात, काम उरकतात आणि त्यातल्या साधारण ९० ते ९५ टक्के मरून जातात. उरलेल्या स्मृतिपेशी होतात. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लस घेऊन कित्येक दशकं लोटलेल्या लोकांच्या रक्तातही अशा पेशी सापडल्या. देवीचा विषाणू जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं, तरी त्याला ओळखणाऱ्या पेशी माणसांच्या अंगात शिल्लक होत्या.

विषाणू नसताना या पेशी कशावर जगतात? मुख्यतः दोन सायटोकाइनांवर. सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना निरोप देण्यासाठी सोडलेली प्रथिनं. इंटरल्यूकिन-७ स्मृतिपेशीला मरू देत नाही आणि इंटरल्यूकिन-१५ तिला अधूनमधून विभागायला लावतं, त्यामुळे संख्या कायम राहते. त्यांना विषाणूचं दर्शन घडावं लागत नाही.

जुनाट संसर्गात ही सोय राहत नाही. त्या टी पेशींच्या पृष्ठभागावरचे इंटरल्यूकिन-७ आणि १५ चे रिसेप्टर घटतात. निरोप येत असतो, पण तो घ्यायची यंत्रणाच कमी झालेली असते. या पेशी विषाणूवरच अवलंबून राहतात. जुनाट संसर्ग झालेल्या उंदरातून त्या काढून निरोगी उंदरात सोडल्या, तर देवीच्या स्मृतिपेशींसारख्या तिथे तग धरत नाहीत. ज्याच्याशी लढायचं त्याच्या सततच्या खुणेवरच त्यांचं जगणं चालतं, आणि तीच सततची खूण त्यांचा जोर खाते. पुढचं सगळं या अडचणीतून निघतं.

यातलं बरंचसं ज्ञान उंदरांवरच्या एका विषाणूतून आलं आहे. त्याचं लांबलचक नाव लिम्फोसायटिक कोरिओमेनिन्जायटिस व्हायरस, थोडक्यात एलसीएमव्ही. टी पेशी संसर्ग झालेली पेशी कशी ओळखतात हे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी याच विषाणूवर दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं. याचे दोन प्रकार संशोधकांना फार उपयोगी पडले. आर्मस्ट्राँग नावाचा प्रकार उंदीर आठवडाभरात साफ करतो. क्लोन-१३ नावाचा प्रकार रक्तात दोन-तीन महिने आणि काही अवयवांत त्याहून जास्त काळ राहतो. दोघांच्या जनुकांत अगदी मोजक्या जागी फरक आहे. म्हणजे विषाणू जवळपास तोच, उंदीरही तसाच. फरक फक्त विषाणू राहतो की जातो एवढाच. त्यामुळे टी पेशींच्या वागण्यातला फरक सरळ तपासता येतो.

झिंकरनागेल यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवलं की विषाणूचा भार फार झाला तर त्याला ओळखणाऱ्या मारक टी पेशी, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या टी पेशी, दिसेनाशाच होतात. हैदराबादेत जन्मलेले आणि अमेरिकेत एमरी विद्यापीठात काम करणारे रफी अहमद यांच्या गटाने १९९८ मध्ये पुढची गोष्ट सांगितली : काही पेशी नाहीशा होत नाहीत, जागेवरच असतात, पण काम करत नाहीत. काम कमी होण्याचाही एक क्रम असतो. आधी इंटरल्यूकिन-२ बनवणं आणि भराभर विभागणं थांबतं, मग टीएनएफ हे सायटोकाइन जातं, शेवटी इंटरफेरॉन-गॅमा हे आणखी एक सायटोकाइन कमी होतं आणि अगदी टोकाला गेलेली पेशी मरते. तुम्ही वाचलेलं 'दमणं' ते हे.

पण मग एक मोठी शंका उरतेच. शेवटच्या पायरीवरच्या पेशी लवकर मरतात, तरी महिनोन् महिने, माणसात वर्षानुवर्षं, अशा पेशी रक्तात सापडतात. म्हणजे कोणीतरी त्या नव्याने पुरवत असलं पाहिजे.

हा पुरवठा करणारा गट २०१६ मध्ये नीट सापडला. एकाच सुमाराला वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवलं की जुनाट संसर्गातल्या मारक टी पेशींत टीसीएफ-१ नावाचं प्रथिन बाळगणारा एक छोटा गट असतो. तो मूळपेशींसारखा वागतो. विभागला की काही मुली पेशी त्याच्यासारख्याच राहतात आणि काही पुढे जाऊन लढाऊ होतात, दमतात, मरतात. तुमच्या भागातला शेतकरी भाताची मळणी झाल्यावर बियाण्याचं भात वेगळं काढतो, कितीही ओढ लागली तरी त्याला हात लावत नाही, आणि पेरलेल्यातूनच पुढच्या सालचं बियाणंही काढतो. या गटाचं काम तसंच आहे. टीसीएफ-१ चं जनुक काढून टाकलेल्या उंदरात पहिले काही दिवस टी पेशी लढताना दिसतात, मग साठा आटतो.

हे बियाणं राहतं कुठे, हेही महत्त्वाचं आहे. प्लीहा आणि लसिका ग्रंथींत टी पेशींसाठी राखून ठेवलेले भाग असतात. तिथे विषाणूची गर्दी तुलनेने कमी आणि टी पेशींना विषाणूची ओळख करून देणाऱ्या डेंड्रायटिक पेशींची सोबत जास्त असते. टीसीएफ-१ वाला गट बहुतांशी तिथे सापडतो. शेवटच्या टप्प्यातल्या पेशी मात्र प्लीहेच्या रक्ताने भरलेल्या भागात, लिव्हरमध्ये, जिथे संसर्ग आहे तिथे असतात. रक्ताच्या नळीत आपल्याला सापडतं ते या दोन्हींचं ओझरतं दर्शन. म्हणून "रक्त तपासून टी पेशींची ताकद सांगतो" असं म्हणणाऱ्या पॅकेजवर पैसे घालवू नका असं मी रुग्णांना स्पष्ट सांगतो.

आता सिग्नलकडे येऊ. इथे जरा थांबतो, कारण वरवर सांगितलं की गैरसमज होतात.

मारक टी पेशी, म्हणजे सीडी-८, एकट्याने टिकत नाहीत. त्यांना सीडी-४ मदतनीस पेशी लागतात. क्लोन-१३ देताना उंदराच्या सीडी-४ पेशी काढून टाकल्या, तर जो विषाणू दोन-तीन महिन्यांत रक्तातून जायला हवा तो जन्मभर राहतो. मदत नक्की कशाची, याचं मोठं उत्तर २००९ मध्ये आलं. तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की सीडी-४ पेशी इंटरल्यूकिन-२१ पुरवतात आणि जुनाट संसर्गात सीडी-८ पेशींना ते थेट लागतं. आर्मस्ट्राँगसारख्या झटपट संपणाऱ्या संसर्गात त्याची उणीव फारशी जाणवत नाही. म्हणजे लांबच्या लढाईचे सिग्नल वेगळे असतात. सीडी-४ पेशींना हे काम करत ठेवायला इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-२७ लागतात, एवढं नोंदवून पुढे जातो.

एचआयव्ही नेमका या मदतनीस पेशींवरच घाव घालतो. त्यामुळे तो दोन्ही बाजूंनी नुकसान करतो : विषाणूचा सततचा भार सीडी-८ पेशींना दमवतो आणि त्यांना टिकवणारी मदतही आटत जाते.

दुसरा सिग्नल इंटरल्यूकिन-३३ चा. तो मला स्वतःला फार विचार करण्यासारखा वाटतो. हे प्रथिन एरवी काही पेशींच्या केंद्रकात गुपचूप असतं. पेशीला इजा झाली, ती फुटली, की बाहेर पडतं. लसिका ग्रंथींचा सांगाडा धरून ठेवणाऱ्या पेशींत ते असतं. बासेल आणि बर्लिनच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की जुनाट संसर्गात टीसीएफ-१ वाला गट वाढायला आणि मूळपेशीसारखा राहायला या सिग्नलची गरज असते. ज्या सीडी-८ पेशींवर त्याचा रिसेप्टर, एसटी-२, नव्हता त्या घाईने शेवटच्या टप्प्याकडे गेल्या आणि त्यांचं टीसीएफ-१ वेळेआधीच गेलं. सिग्नल मिळालेल्या पेशींत डीएनएचे जास्त भाग उघडे, वाचता येण्याजोगे राहिले, आणि पुन्हा वाढण्याची क्षमता त्यावर ठरली.

याच प्रयोगातली पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. एसटी-२ नसलेल्या पेशींच्या बाबतीत टाइप-१ इंटरफेरॉनचा सिग्नल थांबवला, तर तो गट पुन्हा सावरला. टाइप-१ इंटरफेरॉन पेशींना शेवटच्या टप्प्याकडे ढकलत होतं आणि इंटरल्यूकिन-३३ त्याचा तोल सांभाळत होतं.

इंटरफेरॉन हा शब्द तुम्ही ऐकला असेल. विषाणू आल्यावर शरीर सगळ्यात आधी सोडतं ते हेच. सुरुवातीच्या तासांत, दिवसांत ते नसेल तर विषाणू मोकाट सुटतो. पण तेच महिनोन् महिने चालू राहिलं तर उलटं होतं. २०१३ मध्ये दोन गटांनी क्लोन-१३ च्या उंदरांत इंटरफेरॉनचा रिसेप्टर बंद केला, तेव्हा टी पेशींना दाबणारे इंटरल्यूकिन-१० आणि पीडी-एल-१ कमी झाले, प्लीहेची मोडलेली रचना सुधारली आणि विषाणू लवकर गेला. मग वर्षभराने माकडांवर एक प्रयोग झाला. त्यात माकडांच्या एचआयव्हीच्या अगदी सुरुवातीला इंटरफेरॉन बंद केलं आणि आजार जास्त वेगाने बळावला. एकच सिग्नल, आणि वेळ बदलली की परिणाम उलटा. "प्रतिकारशक्ती वाढवणारं इंजेक्शन" असा शब्दप्रयोग ऐकला की मला हे दोन प्रयोग आठवतात. कोणता सिग्नल वाढवायचा, कधी, किती दिवस, कोणत्या पेशीसाठी, हे त्या शब्दात कुठेच नसतं.

हिपॅटायटिस बीसाठी इंटरफेरॉनचं इंजेक्शन आहे, तेही सांगून ठेवतो. पेगिलेटेड इंटरफेरॉन साधारण ४८ आठवडे देतात, निवडक रुग्णांना, आणि थोड्यांनाच टिकाऊ फायदा होतो. ते तज्ज्ञाने ठरवायचं औषध आहे. ताप, अंगदुखी, उदासी असे त्याचे त्रास बरेच असतात.

आता जोर कमी करणाऱ्या सिग्नलांकडे. यात सगळ्यात मोठं नाव पीडी-१, म्हणजे टी पेशीच्या पृष्ठभागावरचं, ब्रेकसारखं काम करणारं प्रथिन. तासुकु होंजो यांच्या गटाने १९९२ मध्ये ते शोधलं आणि जेम्स अॅलिसन यांच्याबरोबर त्यांना २०१८ चं नोबेल मिळालं, कॅन्सरच्या उपचारासाठी. जुनाट विषाणूशी त्याचा संबंध २००६ मध्ये उघड झाला. क्लोन-१३ च्या उंदरांतल्या दमलेल्या पेशींवर पीडी-१ खच्चून भरलेलं होतं आणि ते अडवलं की पेशी पुन्हा कामाला लागल्या. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या एचआयव्ही रुग्णांच्या पेशींतही तेच दिसलं. नंतर कळलं की पीडी-१ अडवल्यावर नव्याने वाढतो तो टीसीएफ-१ वालाच गट. शेवटच्या टप्प्यातल्या पेशी त्या औषधाने फारशा परतत नाहीत.

हे वाचून कोणालाही वाटेल की मग पीडी-१ काढूनच टाकावं. २००६ च्याच अभ्यासात याचंही उत्तर होतं. पीडी-१ चा ब्रेक दाबणारं पीडी-एल-१ जन्मतःच नसलेल्या उंदरांना क्लोन-१३ दिला, तेव्हा ते उंदीर मेले, त्यांच्याच टी पेशींच्या माऱ्याने. जे उंदीर पीडी-एल-१ बाळगून होते त्यांच्यात विषाणू राहिला, पण ते जगले.

२०१९ मध्ये यात आणखी एक धागा जोडला गेला. टॉक्स नावाचं प्रथिन दमण्याचा सगळा कार्यक्रम चालू करतं, असं कित्येक गटांनी एकाच वर्षात दाखवलं. टॉक्स नसलेल्या टी पेशी सुरुवातीला जास्त जोरात काम करतात, ऊतींना जास्त इजा करतात, आणि मग टिकतच नाहीत. त्यांची संख्या कोसळते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर मी या प्रयोगावर उभं करतो. दमण्याचा हा कार्यक्रम चालू झाला नसता, तर वर्षानुवर्षं विषाणूचा मारा सोसत या पेशी उरल्याच नसत्या. कमी जोर ही त्यांच्या टिकण्याची किंमत आहे.

हे तुमच्या भावाच्या लिव्हरवर लावून बघा. हिपॅटायटिस बीचा विषाणू लिव्हरच्या पेशीला स्वतः फारसं मारत नाही. लिव्हरला इजा होते ती बहुतांशी आपल्या टी पेशी संसर्ग झालेल्या पेशींवर तुटून पडतात म्हणून. एसजीपीटी वाढतं म्हणजे लिव्हरच्या पेशी फुटून त्यातलं एन्झाइम रक्तात येतं. भावाचं एसजीपीटी नॉर्मल आहे, याचा अर्थ आज तरी त्याच्या लिव्हरमध्ये मोठी लढाई चालू नाही. अशा माणसाच्या टी पेशींना कोणीतरी अचानक "ताकद" दिली, तर ती लिव्हरवरच उतरेल.

हे कल्पनेतलं नाही. आपल्या उसाच्या पट्ट्यात कंबरदुखी, गुडघेदुखीवर पुड्या मिळतात. दोन दिवसांत माणूस टुणटुणीत होतो, कारण पुष्कळदा त्यात स्टेरॉइड असतं. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाने महिनोन् महिने ते घेतलं की टी पेशी दबतात आणि विषाणू बेसुमार वाढतो, तेव्हा मात्र काहीच जाणवत नाही. पुडी बंद झाली की टी पेशी शुद्धीवर येतात आणि विषाणूने भरलेल्या लिव्हरवर तुटून पडतात. मग डोळे पिवळे, पोटात पाणी, एसजीपीटी हजाराच्या घरात. असे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यातले सगळे वाचले नाहीत. अथणीकडचा एक ऊसतोडीचा मुकादम मला अजून आठवतो. त्याच्या बायकोने पिशवीतून पुड्यांचा अख्खा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला, कागदावर नाव नाही, गाव नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ असं लिहिलेलं. कॅन्सरची किंवा सांध्यांची काही औषधं, विशेषतः रिटुक्सिमॅब, हेच घडवू शकतात. म्हणून भावाने कोणत्याही डॉक्टरकडे गेलं तरी "मला हिपॅटायटिस बी आहे" हे पहिलं वाक्य असू द्यावं.

काढ्यांबद्दल तुम्ही विचारलं आहे. गुळवेल कोरोनाच्या काळात घरोघर गेली. ती घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातल्या इजेचं स्वरूप स्वतःच्या प्रतिकारशक्तीने लिव्हरवर केलेल्या हल्ल्यासारखं होतं. ज्याला आधीच लिव्हरचा विषाणू आहे त्याने हा धोका का पत्करावा? कावीळ उतरवणाऱ्यांकडे जाऊन मनगटावर डाग घेणं, नाकात रस सोडणं, हे तर आपल्या गावांत अजून चालतं. साधी 'ए'ची कावीळ आपोआप बरी होते आणि श्रेय त्यांना मिळतं. 'बी'च्या रुग्णाचे त्यात महिने वाया जातात.

मग टी पेशींसाठी काय करता येतं? विषाणू कमी करता येतो. सततची खूण कमी झाली की त्यांच्यावरचा मारा कमी होतो. एचआयव्हीत हे सगळ्यात स्वच्छ दिसलं. निपाणीकडच्या, विड्या वळून घर चालवणाऱ्या एक मावशी माझ्याकडे आल्या तेव्हा सीडी-४ शंभराच्या खाली होता, टीबी होता, उभं राहवत नव्हतं. टीबीचं औषध, मग एआरटी, म्हणजे एचआयव्हीला अडवणाऱ्या गोळ्या. दोनेक वर्षांत सीडी-४ चारशेच्या वर गेला. दर वेळी त्या विचारत, "डॉक्टर, पेशी वाढवायची गोळी कुठली यातली?" मी सांगायचो की यातली एकही गोळी पेशी वाढवत नाही, तिन्ही विषाणूला अडवतात, पेशी तुमच्याच अंगाने वाढवल्या. मात्र खासगी लॅबच्या रिपोर्टावर त्यांच्या सीडी-८ पेशी अजून जास्तच दिसत, सीडी-४ शी त्यांचं प्रमाण उलटंच राहिलं. उशिरा उपचार सुरू झालेल्यांत हे नेहमी दिसतं.

नुसती संख्या वाढवून काय होतं, याचाही मोठा प्रयोग झालेला आहे. एआरटी घेणाऱ्या पाच हजारांहून जास्त लोकांवरच्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. अर्ध्या लोकांना वर इंटरल्यूकिन-२ ची इंजेक्शनं दिली होती. सीडी-४ आकडा छान वाढला. पण आजारपण कमी झालं नाही, मृत्यूही कमी झाले नाहीत. उलट बाजूने, २००६ च्या एका चाचणीत सीडी-४ चांगला आहे म्हणून अधूनमधून एआरटी थांबवलेल्यांत मृत्यू जास्त झाले. भारतात सरकारी मोफत एआरटी २००४ मध्ये सुरू झाली आणि २०१७ पासून सीडी-४ कितीही असला तरी निदान होताच उपचार देतात. टी पेशींच्या बाजूने पाहिलं तरी हे धोरण बरोबर आहे.

लवकर का, याचं कारण हिपॅटायटिस सीने दाखवलं. तो विषाणू ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोकांत पूर्ण जातो. २०२१ मध्ये काही गटांनी अशा बऱ्या झालेल्यांच्या टी पेशी तपासल्या. विषाणू गेला होता, पण पेशींच्या डीएनएवरच्या दमण्याच्या खुणा बऱ्याच अंशी तशाच होत्या. मारा जितकी जास्त वर्षं चालतो तितकं परतणं अवघड.

एक गोष्ट मध्येच सांगावीशी वाटते, नाहीतर तुम्ही वर्गात मुलांना सांगाल की राहणारा प्रत्येक विषाणू टी पेशींना दमवतो. तसं नाही. सायटोमेगॅलोव्हायरस आपल्यातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात जन्मभर असतो. तो झोपलेला असतो, अधूनमधूनच डोकं वर काढतो. त्याला ओळखणाऱ्या टी पेशी वयाबरोबर वाढतच जातात आणि त्या कामाच्या राहतात. दमवतो तो सततचा, मोठा भार.

हिपॅटायटिस बीत पूर्ण सुटका दुर्मीळ आहे. टेनोफोव्हिर, एन्टेकॅव्हिर विषाणूचं वाढणं थांबवतात, पण लिव्हरच्या पेशीच्या केंद्रकात त्याच्या जनुकांचा गोल तुकडा उरतो. म्हणून औषध वर्षानुवर्षं चालतं आणि एकदा सुरू केल्यावर आपल्या मनाने बंद करायचं नसतं. बंद केल्यावर मी वर स्टेरॉइडचं सांगितलं तसाच भडका उडू शकतो. पीडी-१ अडवणारी औषधं आज कॅन्सरसाठी आहेत. तुमच्या भावासाठी ती नाहीत.

भावाचं आता काय करायचं ते लिहितो. नुसतं एसजीपीटी पुरत नाही. एचबीव्ही डीएनए (रक्तात विषाणू किती आहे), एचबीई-एजी (विषाणू जोरात वाढतो आहे का), फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालं आहे) आणि सोनोग्राफी करून घ्या, मग औषध सुरू करायचं की नुसतं लक्ष ठेवायचं हे ठरतं. प्रत्येकाला गोळ्या लागत नाहीत. दर सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नका, सगळं नॉर्मल असलं तरी. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून आहे, त्यात तपासण्या आणि गोळ्या मोफत मिळतात. जिल्हा दवाखान्यात चौकशी करा. दारू पूर्ण बंद.

आणि घरातल्यांची तपासणी. मोठेपणी हा संसर्ग झालेल्या शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी लोकांत तो जुनाट होतो. जन्मतः झालेल्या बाळांत सुमारे नव्वदांत. म्हणून तुमच्या भावाला तो बहुधा लहानपणीच मिळाला असावा. तुमच्या आईची, तुमची आणि बाकीच्या भावंडांची एचबीएस-एजी, म्हणजे संसर्ग आहे का हे सांगणारी, तपासणी झालेली नसेल तर आधी ती करा. ज्यांना संसर्ग नाही आणि लस झालेली नाही त्यांना तीन डोस द्या : आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. एका ताटात जेवल्याने हा पसरत नाही, त्याला वेगळं ताट-वाटी देऊ नका. रेझर आणि टूथब्रश मात्र वेगळे ठेवा. त्याचं लग्न ठरत असेल तर मुलीला आधी सांगा, तिची तपासणी करून लस पूर्ण करा. पुढे घरात कोणाला मूल होणार असेल आणि आईला संसर्ग असेल, तर बाळंतपण अशाच दवाखान्यात करा जिथे बाळाला २४ तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) दोन्ही मिळतील.